ओढणे आणि पेलणे

कडब्याच्या पेंढ्या बैलगाडीत रचणारा जाणता गडी गाडी अर्धी भरली की खाली उतरत असे, जोखड दोन्ही हातांनी किंचित उचलून पाहत असे, आणि पुढच्या पेंढ्या साट्याच्या पुढल्या अंगास टाकावयाच्या की मागल्या, याचा निर्णय त्या उचलण्यावरून करीत असे. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, जोखड वर जाते आणि बैलांच्या गळ्यास जुपणीचा फास बसतो. भार फार पुढे आला तर सारे ओझे खांद्यावर येते आणि संध्याकाळपर्यंत जनावराची मान सुजते. त्या गड्याने कधी वजनकाटा पाहिला नसेल, टन आणि क्विंटल यांचे कोष्टक त्यास पाठ नसेल. परंतु गाडीत किती ओझे आहे याइतकेच ते ओझे कोठे पडते आहे यालाही महत्त्व असते, ही गोष्ट त्याच्या हातांना ठाऊक होती. पुढे बैलाच्या जागी यंत्र आले. यंत्राची मान सुजत नाही, ते खाली बसत नाही, तोंडाला फेस आणीत नाही. सबब ते ओढते आहे तोवर भरीत राहावे, असा एक समज आपल्या वाहतुकीच्या धंद्यात मुरला आणि आजतागायत तो बिनतक्रार चालू आहे.

गेल्या पौषात कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या आवारात, रात्री अकराच्या सुमारास, काट्याच्या खोलीत तासभर बसण्याचा योग आला. गाळप ऐन भरात होते. गव्हाणीच्या दिशेने उसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती. एक ट्रॅक्टर दोन ट्रेलर मागे घेऊन काट्यावर चढला. मोळ्या इतक्या उंच रचलेल्या की चालकाच्या डोक्यामागे उसाची भिंतच उभी राहिल्यासारखी दिसावी. काट्यावरचा तांबडा आकडा काही वेळ मागेपुढे झाला आणि २६ टनांच्या थोडा वर जाऊन स्थिरावला. कारकून स्लीप फाडीत होता तेवढ्यात मी चालकाला विचारले, की ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन किती असेल.

"असंल दोन टन," तो म्हणाला.

"आणि एवढं ओढतो?"

"ओढतो की! ह्याच्या दीडपट ओढंल."

"मग उतारावर काय करता?"

तो क्षणभर थांबला. "उतारावर दुसऱ्या गिअरात घ्यायचा. अन् म्होरं कुणी येऊ नये, एवढंच बघायचं."

त्याचा अभिमान खरा होता आणि त्यामागून आलेली भीतीही खरी होती. दोहोंचा उगम पदार्थविज्ञानाच्या एकाच प्रकरणात आहे. सपाट डांबरी रस्त्यावर चाक फिरते ठेवण्यास लागणारे बल हे वजनाच्या शंभरात दीड-दोन भागांहून सहसा अधिक नसते, म्हणजे २६ टनांची वरात चालती ठेवण्यास अर्ध्या टनाची ओढ पुरते, आणि ती पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला खालच्या गिअरमध्ये अवघड नाही. थांबवण्याचा हिशेब मात्र निराळा आहे. ट्रेलरांना स्वतःचे ब्रेक नसतील, आणि शेतीच्या कित्येक ट्रेलरांना ते नसतात किंवा असून जोडलेले नसतात, तर थांबवण्याचे सारे काम ट्रॅक्टरच्या चाकांवर पडते. आणि चाक रस्त्यास जास्तीत जास्त जी पकड देऊ शकते ती त्या चाकावरील भाराच्या साधारण सहा-सात दशांश एवढीच. ट्रॅक्टरचे दोन्ही टन ब्रेक असलेल्या चाकांवर आहेत असे उदारपणे धरले, तरी रोखण्याची ताकद भरते सुमारे सव्वा टन. आता वीस मीटरांत एक मीटर उतरणारा, आपण ज्याला उतार म्हणूनही ओळखणार नाही असा रस्ता घ्या: त्यावर २६ टनांची खाली खेचणारी ओढ होते १.३ टन. चाकांचे घर्षण थोडे मदतीस येते म्हणून एवढ्यावर निभावते. सपाटीवर, ताशी ३० किलोमीटरच्या वेगात, एखादी मोटारगाडी ब्रेक लागल्यानंतर सहा-सात मीटरांत उभी राहते. ही वरात पन्नास-साठ मीटर पुढे जाते. रात्रीच्या अंधारात, मागच्या ट्रेलरला तांबडा कपडाही नसताना, या पन्नास मीटरांत काय काय येऊ शकते ते गाळपाच्या हंगामात वर्तमानपत्र वाचणाऱ्यास सांगावयास नको.

वजनाच्या मर्यादा ठरवणारा कायदा मुळात या हिशेबावरच बेतलेला आहे. त्याची भाषा रुक्ष आहे एवढेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वजनाचे तीन निरनिराळे अर्थ दिलेले आहेत. वाहन कामासाठी सज्ज असताना, नेहमीच्या साहित्यासकट परंतु चालकाखेरीज, जे भरते ते रिकामे वजन. वाहन आणि माल मिळून जास्तीत जास्त जेवढ्यास नोंदणी अधिकाऱ्याने मान्यता दिली ते एकूण वजन. धंद्यातले लोक यालाच गाडीची 'पासिंग' म्हणतात, आणि "सोळा टन पासिंगची गाडी" या बोलीत सोळा टन माल बसेल असा भाबडा अर्थ कित्येक नवे गिऱ्हाईक काढतात, वास्तविक त्या सोळांतून गाडीचे स्वतःचे सहा-सात टन वजा करून मगच मालाचा आकडा निघतो. तिसरे आखावरचे वजन: बैलगाडीचा जो आख तोच मोटारीचा ॲक्सल, आणि त्या एका ॲक्सलच्या सर्व चाकांवाटे रस्त्यावर उतरणारा भार म्हणजे ॲक्सलभार. मालट्रकच्या अंगावर रंगाने लिहिलेली यू.एल.डब्ल्यू., आर.एल.डब्ल्यू. ही अक्षरे आणि त्यापुढचे आकडे आपण रस्त्याने जाताना नित्य पाहतो व 'हॉर्न ओके प्लीज'च्या पंक्तीला बसवून विसरतो. त्यांतील पहिली अक्षरे रिकाम्या वजनाची आणि दुसरी नोंदलेल्या भरवजनाची आहेत. दुसऱ्यातून पहिला आकडा वजा केला की गाडीत न्याय्यपणे किती माल मावतो ते चौथीतला मुलगाही सांगेल.

गाडीच्या नावातही ही माहिती पुष्कळदा दडलेली असते. '२५१८' या आकड्यातील पहिले दोन अंक एकूण वजनाचे टन दाखवतात आणि पुढचे दोन दहाने गुणले की अश्वशक्ती मिळते: २५ टन, १८० अश्वशक्ती. '१६१३' म्हणजे १६ टन आणि १३०. '४०१८' हे नाव ट्रेलर ओढणाऱ्या घोड्याचे, म्हणजे पुढच्या इंजिनाच्या गाडीचे, आणि येथे चाळीस टन हे एकट्या घोड्याचे नसून घोडा, ट्रेलर व माल या सबंध जोडीचे मिळून होतात. हा जो जोडीचा आकडा आहे तोच ट्रेलर जोडणाऱ्याने प्रथम पाहावयाचा असतो, आणि नेमका तोच पाहिला जात नाही.

ट्रेलरांचे प्रकार दोन. ज्याचा सारा भार स्वतःच्या चाकांवर असतो आणि जो पुढील वाहनास केवळ दांडीने जोडलेला असतो, तो ट्रेलर. दुसरा अर्धट्रेलर, ज्याचे वर्णन कायद्याने फार नेमके केले आहे: त्याचा एक भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि त्याच्या वजनाचा काही अंश ते वाहन वाहते. बंदराहून कंटेनर आणणाऱ्या लांबलचक गाड्यांच्या घोड्यावर जे काळेकुट्ट, ग्रीस माखलेले टर्नटेबल दिसते, ते या भाराचे आसन. दोन्ही प्रकारांत प्रश्न एकच: मागच्याचा किती भार पुढच्यावर यावा? फार थोडा आला तर मागचे वाहन वेग वाढताच शेपटीसारखे डोलू लागते आणि पुढच्याला बाजूस खेचते. फार आला तर पुढच्या वाहनाचा मागील आख दबतो व पुढची चाके हलकी होतात. चालक चक्र फिरवतो आणि गाडी सरळ जाते. दोनचाकी ट्रेलर पुढून जड भरला आणि खाचेतून जोराने ओढू लागला, की ट्रॅक्टरचे नाक उचलले जाते. शेतकरी म्हणतात, "ट्रॅक्टर उभा राहिला". तो पाठीवर पडून चालक खाली सापडल्याच्या हकिकती बहुतेक प्रत्येक तालुक्यात ऐकू येतात. जोखड उचलून पाहणाऱ्या त्या गड्याला या तिन्ही गोष्टी समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

अमेरिकेत हा विषय मालवाहू धंद्यापुरता राहिलेला नाही, तो घराघरांत शिरला आहे. कारण तेथे पिकअप नावाचा उघड्या हौद्याचा छोटा ट्रक कुटुंबाची गाडी म्हणून वापरतात आणि सुट्टीत त्यामागे झोपण्या-राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून हजार हजार मैल फिरतात. टेक्ससमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने असा ट्रेलर घेण्याचे ठरवले, तेव्हा त्याचा दूरध्वनी आला. "मामा, गाडी चार टन ओढते असं जाहिरातीत आहे, ट्रेलर तीन टनांचा आहे. मग अडचण कुठं आहे?" मी त्याला चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली पिवळ्या-पांढऱ्या रंगाची चिठ्ठी वाचावयास सांगितली. गाडीतील माणसे आणि सामान मिळून किती वजनावर जाऊ नये, तो आकडा त्या देशात प्रत्येक गाडीवर छापलेला असतो. त्याच्या गाडीवर ७०० किलो होता. घरची पाच माणसे ३५० किलो, सामान, सायकली आणि हौद्यावरचे झाकण १५० किलो. उरले २०० किलो. आता अशा ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकावर यावा, तरच तो डोलत नाही, असा तेथील सर्वमान्य नियम आहे. बारा टक्के धरले तर तीन टनांच्या ट्रेलरचे ३६० किलो हुकावर येणार, आणि जागा शिल्लक आहे दोनशेची. उलट हिशेब केला तर त्या गाडीमागे त्या कुटुंबाला १,६०० ते १,७०० किलोंचाच ट्रेलर शोभतो. जाहिरातीतील चार टन खोटे होते असे नाही. ते रिकाम्या हौद्याचे आणि गाडीत एक-दोन माणसेच बसली असतानाचे चार टन होते. भाच्याने लहान ट्रेलर घेतला आणि बायकोची नाराजी पत्करली.

या उदाहरणात वजनमर्यादेचे खरे स्वरूप उघड होते. ती एक रेघ नसून साखळी आहे: टायरची मर्यादा, आखाची, कमान-पाट्यांची, चॅसिसची, हुकाची, ब्रेकची, आणि शेवटी जोडीची. यांतील जी कडी सर्वांत अशक्त, तिचाच आकडा गाडीचा आकडा. आपल्याकडे गॅरेजवाल्याकडून मागच्या बाजूस दोन पाटे वाढवून घेण्याची रीत आहे, आणि त्या पाट्यांसह गाडी भराखाली वाकत नाही याचे मालकास मोठे समाधान वाटते. परंतु पाटे वाढल्याने आखाची नळी जाड होत नाही, ब्रेकचे ड्रम मोठे होत नाहीत. पूर्वी गाडी वाकून जी सूचना देत असे तेवढी मात्र बंद होते.

घाटात या अशक्त कडीची परीक्षा होते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. २८ टनांची गाडी ५०० मीटर उतरली म्हणजे जी ऊर्जा मोकळी होते, तिने चारशे लिटर गार पाणी उकळीस आणता येईल, आणि ही सारी उष्णता इंजिनाचा रोध, वारा आणि ब्रेकचे ड्रम यांनी आपसात वाटून घ्यावयाची असते. चालकाने योग्य गिअर धरला तर इंजिन मोठा वाटा उचलते. डिझेल वाचवण्यासाठी त्याने गाडी न्यूट्रल केली तर तो वाटाही ब्रेकवर येतो. त्यात पाच टन जादा भरले असतील तर सत्तर-पंचाहत्तर लिटर पाण्याची उकळी वर वाढली असे समजावे. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, लायनरची पकड जाते, जळका वास येऊ लागतो, आणि पायाखालचा ब्रेक दाबला तरी काही होत नाही. मग बातमीत "ब्रेक निकामी झाल्याने" असे छापून येते. निकामी झालेला तो ब्रेक कित्येकदा सकाळी गाडी भरतानाच निकामी ठरलेला असतो.

रस्त्याचे नुकसान हा वेगळाच अध्याय आहे. अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात ओटावा या गावी १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालकांकडून निरनिराळ्या भाराचे ट्रक रात्रंदिवस फिरवून जो प्रयोग झाला, त्यातून असा ढोबळ नियम निघाला की रस्त्याची झीज ॲक्सलभाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दीडपट झाला तर झीज पाचपट. आपल्याकडे चार टायरांच्या एका ॲक्सलला पूर्वी १०.२ टनांची परवानगी होती, ती २०१८ च्या जुलैत ११.५ टन करण्यात आली. दोन ॲक्सलांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झाले आणि सर्वांत मोठ्या जोडीची हद्द ४९ वरून ५५ टनांवर गेली. ॲक्सलभारातील सव्वा टनाची ती वाढ दिसावयास किरकोळ. चौथा घात करून पाहिला तर त्या आखाखालच्या रस्त्याची झीज साठ टक्क्यांनी वाढते. गाड्या सुधारल्या, सबब हद्द वाढवावी हा सरकारचा युक्तिवाद मला सर्वस्वी अमान्य नाही, पण रस्ते सुधारले किंवा कसे, याची तहकीकात त्याच फर्मानात झाली असती तर बरे झाले असते. हेही ध्यानात ठेवावे की कायद्याचे कलम ११३ नोंदणीच्या दस्तऐवजावरील आकडा प्रमाण मानते. सामान्य हद्द वाढली म्हणून एखाद्या जुन्या गाडीच्या कागदावरील सोळा टन आपोआप अठरा होत नाहीत.

मग इतके जादा भरतात का? चालकाच्या अडाणीपणावर खापर फोडणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. भाडे टनामागे मिळते. डिझेल, टोल आणि हप्ता हे फेरीमागे द्यावे लागतात. परतीची गाडी पुष्कळदा रिकामी येते. ऊस वाहणाऱ्याने हंगामापूर्वी मोठी उचल घेतलेली असते आणि ती फेडावयाची ती या टनांतूनच. हा हिशेब पाहता जादा भरण्याचा मोह न होणारा मालक विरळा. माल देणारा व्यापारी, भरून देणारा आणि भरलेली गाडी बिनदिक्कत आत घेणारा, हे तिघेही त्या मोहाचे भागीदार असतात. गाडी उलटली की पोलिसांच्या कागदात नाव एकट्या चालकाचे येते.

कायद्याचा हात पूर्वी फार सौम्य होता: दोन हजार रुपये, आणि जादा प्रत्येक टनामागे एक हजार. एका फेरीच्या जादा भाड्यातून तो दंड सुटून वर काही उरत असे, म्हणून कित्येकांनी तो खर्चाच्या बाजूस जकातीसारखा मांडूनच ठेवला होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा दंड २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा झाला. वजन करून देण्यास नकार देऊन पळणाऱ्यास ४० हजार. याहून मोठी गोष्ट म्हणजे दंड भरणे हा पुढे जाण्याचा परवाना नव्हे. दंड भरून घेऊन गाडी जादा मालासकट सोडून देण्याची जी वहिवाट पडली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बेकायदा ठरवली. जादा माल तेथेच उतरवावा लागतो, उतरवण्याचा खर्च गाडीवाल्याचा, आणि रस्त्याकडेला पडलेल्या त्या मालाची जोखीमही त्याचीच.

ट्रेलर जोडणाऱ्या प्रत्येकास, मग तो उसाचा असो, वाळूचा असो वा सुट्टीत फिरावयाचा असो, माझी एवढीच विनंती आहे की हंगाम सुरू होण्यापूर्वी एक सकाळ काढावी. गाडी रिकामी काट्यावर घालावी, ट्रेलर निराळा घालावा, दोन्ही पावत्या नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहाव्या, मग गाडी भरून पुढचा आख आणि मागचा आख वेगवेगळा तोलावा. ट्रेलरचे ब्रेक जोडलेले आहेत काय, हुकाची पिन आणि तिची साखळी झिजली आहे काय, मागे तांबडा परावर्तक पट्टा आहे काय, हे त्याच वेळी वाकून पाहावे. या साऱ्यास दोन तास लागतात, आणि काट्याचे भाडे एका टायरच्या पंक्चरपेक्षा फारसे जास्त पडत नाही.